टोपली हातात घ्यायची की नाही

मामा, उद्या सकाळी मला गिरणीच्या मुनशीला हो किंवा नाही सांगायचं आहे, आणि आज उजाडल्यापासून मी चार वेळा नदीवर जाऊन आलो. एका जागी बसवत नाही. रविवार आहे, गिरणी बंद आहे, बराकीतले काही झोपलेत, काही बाजारात गेलेत. मी गिरणीचे टाकलेले कागद घेऊन दारात बसलोय. एका बाजूला साहेबाच्या भाषेत काहीतरी छापलेलं आहे, दुसरी बाजू कोरी. पंतोजींच्या ओटीवर दोन वर्षं जे गिरवलं तेवढ्यावरच हे चाललंय, तेव्हा अक्षर बघून हसू नका. तसं तुम्हाला वाचता येत नव्हतंच. तुम्ही असतात तर हा कागद देवळातल्या भटजींकडून वाचून घेतला असतात, आणि भटजी वाचणार म्हटल्यावर मी यातलं निम्मं लिहिलं नसतं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. आता मधे वाचणारा कुणी नाही. म्हणून जे आहे ते लिहितो.

मी कुठे आहे ते आधी सांगतो, कारण कल्याणहून निघालो तेव्हा तुम्हाला नुसतं ‘लांब जातो’ एवढंच म्हणालेलो. मी रंगूनला आहे. आधी काही वर्षं मुंबईत काढली, मग आगगाडीनं कलकत्ता आणि तिथून आगबोट. इथली नदी आपल्या कल्याणच्या खाडीच्या कितीतरी पट रुंद आहे आणि काठानं भाताच्या गिरण्या आहेत, एकीला लागून दुसरी. वरच्या गावांतून शेतकरी होड्या भरभरून भात आणतात, गिरणी ते विकत घेते, सडते, आणि तांदूळ मोठाल्या गलबतांत भरून विलायतेच्या बाजूला जातो. मी पोती वाहतो. सहा वर्षं वाहतोय. उजवा खांदा डाव्याच्या खाली उतरलाय. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा टेका घ्यायचा, मग उभं राहायचं, असं तीन हप्त्यांत उठतो. माझ्याबरोबर रत्नागिरीकडचा एक होता, माझ्याच वयाचा. गेल्या साली पोतं घेऊन गलबताच्या फळीवरून चढताना त्याच्या पाठीत काहीतरी सरकलं. दोघांनी धरून त्याला आगबोटीवर चढवला. तेव्हापासून मी पोतं उचलताना आधी क्षणभर थांबतो, आणि मुकादम ओरडतो.

तर गेल्या आठवड्यात घाटावर भात मोजणारा माणूस तापानं पडला. होड्या खोळंबल्या. मुनशी, म्हणजे गिरणीसाठी भात खरेदी करणारा, बंगालातल्या चाटगावचा माणूस आहे, तोंडात कायम पान, तो रांगेपाशी येऊन म्हणाला, माप कुणाला येतं? मी हात वर केला. का केला ते मला अजून कळलेलं नाही. तीन होड्या मी मोजल्या. संध्याकाळी तो म्हणाला, “तेरा हाथ तो सोना है रे. बोझा छोड़, टोकरी पकड़. सोमवार को बोल.” तो सोमवार उद्या आहे. त्या दिवशी घाटावर काय झालं ते पुढे लिहितो, आधी आपलं लिहू द्या, नाहीतर तुम्हाला नीट सांगता यायचं नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेन. बाबा ठाण्याच्या मिठागरात वारले, आई म्हणाली, मामाकडे जा, तिथं पायाला मीठ लागायचं नाही. तुम्ही बंदरावरचे मापारी. मला तेव्हा मापारी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. मला वाटलेलं, मोजतो तो विकत असेल किंवा घेत तरी असेल. तुम्ही दोन्ही करत नव्हता. मुरबाडकडून गाड्या यायच्या, तांदळाची रास ओतली जायची, एका बाजूला शेतकरी उकिडवा बसलेला, दुसऱ्या बाजूला शेठचा गुमास्ता छत्री घेऊन उभा, आणि मधे तुम्ही, लोखंडी पायली घेऊन. कचेरीचा छाप असलेली ती पायली. तुम्ही पहिली पायली भरली की एक म्हणत नव्हता, लाभ म्हणत होता. लाभ, लाभ. मग दोन, दोन. मग तीन. प्रत्येक आकडा दोनदा, म्हणजे दोघांच्याही कानात जावा. मी एकदा विचारलं, “एकला लाभ का म्हणायचं?” तर म्हणालात, “माझ्या बापानं म्हटलं म्हणून. पण लाभ कुणाचा ते कधी बोलायचं नाय.”

बाजार दाखवायला तुम्ही मला न्यायचात ते आठवतं. दुपारी माप नसलं की उठायचात, पायात वहाणा सरकवायच्या, ‘चल रे’ एवढंच. बंदरावरनं सुरू करून पार बाजाराच्या टोकापर्यंत. एकदा मी एका गादीकडे बोट दाखवून म्हणालो, “मामा, ह्या शेठनं केलं काय? पिकवलं दुसऱ्यानं, ओढलं बैलांनी, सडलं बायांनी. हा लोडाला टेकून खातो.” तुम्ही माझं बोट खाली केलंत. “टेकलेला दिसतो तुला. आत्ता घेतलेला तांदूळ तो पावसाळ्यापर्यंत कोठारात ठेवणार. उंदीर खाईल, कीड लागेल, छप्पर गळेल. नाहीतर भाव पडेल. पडला तर कुणाचा पडणार? तुझा?” मी म्हटलं, नाय. “मग? तो धास्ती विकत घेतो. धास्तीचं खातो.” मग पुढे चालत चालत एकेकाचं सांगितलंत. तांडेल अंतराचं खातो, इथला माल तिथं नेतो, वादळ आलं तर तो आणि माल दोन्ही खाडीत. दलाल माहितीचं खातो, कुणाकडे काय पडलंय आणि कुणाला काय हवंय ते त्याच्या डोक्यात असतं. कोपऱ्यावर चिपट्यानं तांदूळ विकणारी ती म्हातारी होती ना, एका डोळ्याची, तिच्याकडे बघून म्हणालात, “ही मोठ्याचं लहान करते. ज्याच्या घरी आजच्यापुरतीच चूल पेटायचीय त्याला खंडीभर देऊन काय करायचं? हिच्यावाचून शेठचा तांदूळ गरिबाच्या ताटात पोचायचा नाय.” म्हातारीनं ऐकलं. “आन् तू रे मापाऱ्या? तू कशाचं खातोस?” तुम्ही हसलात. “ह्यांची एकमेकांशी ओळख नाय, त्याचं खातो. ओळख असती तर मला कोण बोलावतं?”

मला तेव्हा ते सगळं फार सोपं वाटलं होतं. इथे गिरणीत आल्यावर मी कितीदा मनात तसा बाजार फिरलो. हा अंतराचं खातो, हा धास्तीचं. तुमची यादी इथेही लागू पडते, नुसती माणसं बदलायची. फक्त मापावरचा माणूस आला की अडकतो. ते सांगतोच.

माप शिकलो ते मामीच्या चुलीपाशी. तुम्ही पायलीला हात लावू देत नव्हता, म्हणून मी घरातल्या शेरानं शिकलो. मामी दळायला बसायची आणि मी पाटावर तांदूळ ओतून पुन्हा पुन्हा भरायचो, फळीनं सपाट करायचो, पुन्हा ओतायचो. “मोजून मोजून तांदळाचं पीठ करशील रे मेल्या,” असं मामी म्हणायची, “मग मला दळायला नको.” एक दिवस मला एक गोष्ट सापडली. तांदूळ हळूच सरकवत भरला तर तेवढ्याच राशीचे सहा शेर होतात. हात वर धरून उंचावरून सोडला, आणि भरता भरता शेराला गुडघ्याचा किंचित धक्का दिला, तर दाणे दाटून बसतात आणि साडेपाचच होतात. तेच तांदूळ, तोच शेर. मी चार वेळा करून पाहिलं. जगात हे फक्त मलाच कळलंय असं वाटलं. तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला बोलावून दाखवलं, उड्या मारत. तुम्ही खाली बसलात, बघितलंत, शेर माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा केलंत, आणि तुमचा धक्का माझ्यापेक्षाही बारीक होता, दिसलासुद्धा नाही. म्हणालात, “सगळ्या मापाऱ्यांना येतं हे. येतं म्हणून करायचं नसतं.” आणि उठून पाय धुवायला गेलात. मला राग आला होता, मामा. मी सोनं आणून दाखवलं आणि तुम्ही त्यावर पाणी ओतलंत असं वाटलं.

मग तो दिवस. मी सतरा वर्षांचा. तुमचा खांदा धरलेला, हात वर जात नव्हता, आणि मुरबाडच्या एका म्हातारीची गाडी सकाळीच येऊन उभी. म्हातारीचा मुलगा बैल सोडतोय, ती रास राखत बसलीय. तुम्ही मला म्हणालात, “आज तू घे.” एवढंच. आणि स्वतः मागे पिंपळाच्या पाराला टेकून डोळे मिटून बसलात. मी पायली हातात घेतो. ती माझ्या वाटण्यापेक्षा जड आहे. शेठचा गुमास्ता छत्री फिरवत येतो. “काय भाचेराव! आज तुमचा मान वाटतं?”

“मामांचा खांदा दुखतोय.”

“दुखणारच, वय झालं. ऊन बघ काय आहे. घे, ताक घे.”

तुमचा नेम मला माहीत होता. मापाच्या दिवशी दोघांपैकी कुणाच्याही हातचं काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा घरच्या लोट्यातलं. मी म्हटलं, नको. तो मोठ्यानं हसला. “अरे पी रे! ताकाला कसलं माप?” हमालही हसले. मला माझं पोरपण त्या हसण्यात दिसलं आणि मी लोटा तोंडाला लावला. मग मी मोजायला सुरुवात केली. लाभ, लाभ. दोन, दोन. पहिल्या पाच-सहा पायल्या सरळ भरल्या. सातवीला हात आपोआप वर गेला. आठवीला गुडघा लागला. गुमास्त्यानं काही सांगितलं नव्हतं. खूणही केली नव्हती. नंतर सगळ्यांनी म्हटलं की त्यानं केली, पण त्यानं केली नव्हती.

पंचेचाळीसवर रास संपली. म्हातारी उठली. “आसं कसं? घरून आठ्ठेचाळीस पायल्या मोजून आनल्यात मी. माज्या हातानं मोजल्यात.” गुमास्ता म्हणाला, “आजीबाई, वाटेत पाखरांनी खाल्लं असेल.” ती त्याच्याकडे वळलीच नाही, माझ्याकडेच बघत राहिली. “पाखरं नाय रे बाबा. पोत्याचं तोंड शिवलेलं व्हतं.” तेवढ्यात तुम्ही पारावरून उठलात. तुमचे डोळे सगळा वेळ मिटलेलेच होते, मी मधून मधून बघत होतो. नंतर मला कळलं की तुम्हाला बघायची गरजच नव्हती. उंचावरून पडणाऱ्या तांदळाचा आवाज वेगळा असतो. तुम्ही सातव्या पायलीपासून ऐकत होतात. मला थांबवलं नाहीत, मी आपणहून थांबतो का ते ऐकत बसलात. हे मी स्वतःच जुळवलंय, तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्ही सगळी पोती पुन्हा ओतवलीत, तो धरलेला खांदा घेऊन राशीपुढे बसलात आणि मोजलंत. दर पायलीला तुमचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. अठ्ठेचाळीस भरल्या, वर एक ओंजळ राहिली, ती तुम्ही म्हातारीच्या पदरात घातलीत. गुमास्ता छत्री मिटून निघून गेला. बंदरावर माझ्या तोंडावर कुणीच बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मामीनं पानं घेतली. तुम्ही पानावर बसलात, पण जेवला नाहीत. म्हणालात, “ताक प्यायलास म्हणून केलंस ना?” मी मान डोलावली. तुम्ही मामीला म्हणालात, “तहानेला भुललं पोर.” आणि मग तुम्हाला जरा बरं वाटल्यासारखं झालं, तुम्ही पहिला घास घेतलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही पायली घासून पुसून बाजाराच्या पंचांपुढे ठेवून आलात. त्यांनी नको म्हटलं होतं. तुमचा हात आम्हाला ठाऊक आहे, पोराला नका बसवू, झालं, असं म्हणाले. तुम्ही म्हणालात, एका घरातला एक हात सरळ आणि एक वाकडा, हे लोकांनी कसं ओळखायचं? मग तुम्ही डोंबिवलीकडच्या एका मिठाच्या आगरावर राखणीला जायला लागलात, ज्या मिठापासून आईनं मला सोडवलं होतं त्याच मिठात. पुढे रेल्वेच्या धक्क्यावर काटा आला, माल वजनावर जायला लागला, आणि लोक म्हणू लागले की मापाऱ्यांचे दिवस काट्यानं संपवले. मी ते ऐकायचो आणि तिथून उठून जायचो. तुमचे दिवस काट्यानं संपवले नव्हते. साल उलटायच्या आत मी कल्याण सोडलं. तुम्ही गेल्याचं मला मुंबईत कळलं, बंदरावरच्या एका हमालाकडून, तेही तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी.

आता पुन्हा उठून एक फेरी मारून आलो. इकडचं लिहितो. इथे भात पायलीनं मोजत नाहीत, बांबूच्या टोपलीनं मोजतात. आणि टोपली गिरणीची. तिच्यावर कुणाचा छाप नाही. नवी असते तेव्हा ठीक असते, पण वापरून वापरून पट्ट्या सैल पडतात आणि ती फुगत जाते, तरी एक टोपली ती एकच. जुनी टोपली गिरणीला जास्त आवडते. होडीवाल्यांना हे ठाऊक आहे, ते कुरकुरतात, पण शेजारच्या गिरणीतही तीच तऱ्हा, आणि भरलेली होडी परत वर न्यायची तर नदीच्या उलट. मी मघाशी म्हटलं ना, मापावरचा माणूस आला की तुमची यादी अडकते. तुम्ही दोघांच्या मधे बसायचात. इथला मापारी गिरणीच्या बाजूला बसतो, गिरणीचं खातो, गिरणीची टोपली भरतो. त्याचा हात कितीही सरळ असला तरी टोपली वाकडीच. मी परवा बराकीत हे बोललो तर शेजारचा साताऱ्याकडचा गडी म्हणाला, “अरे मग झालंच की! टोपली तशीच आहे, तर तुझ्या हातानं काय बिघडतंय? घे, आणि मला तुझ्या हाताखाली लाव. एवढा कसला साधू झालास?” सगळे हसले. मीही हसलो. त्याचं म्हणणं खोडता येत नाही. मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा कुणी बसेल, आणि त्याला काही आठवत नसेल.

असंही मनात आलं की टोपली घ्यावी आणि हात सरळ ठेवावा, टोपलीचं पाप गिरणीच्या माथी. चार दिवस तोच हिशोब घातला. पाठ वाचेल, आणखी दोन साल गेली की गावी जाता येईल, आईला ठाण्याला एकदा बघता येईल, ती अजून तिथेच भावकीत आहे. मामी तर गेली. सरळ हाताचा मापारी मुनशी ठेवील का, तर नाही ठेवणार, पण काही दिवस कळायचं नाही त्याला. असं सगळं मी नीट मांडून ठेवलं होतं. आता त्या दिवशी घाटावर काय झालं ते लिहितो, मग तुम्हाला कळेल की ते का जमत नाही.

पहिल्या होडीवर एक बाई होती, ह्या देशातली, डोक्याला रुमाल, तोंडात जाडजूड विडी, होडीची मालकीण तीच. इथं बाया व्यापार करतात, घासाघीस करतात, नवरा मागे वल्हं धरून बसतो. मी टोपली हातात घेतली. अकरा वर्षांनी काही मोजायला हातात घेतलं होतं. पहिली भरली, सरळ. माझ्या तोंडून लाभ निघालं, तिला काय कळणार? दुसरी भरताना हात वर गेला. मी नेला नाही. गुडघा टोपलीला लागला, आणि इतका हलका, इतका बारीक, की तुमच्यासारखा. भात खाली बसलं, वर आणखी दोन ओंजळी मावल्या. तिसरीला मी थांबेन म्हटलं. थांबलो नाही. बाई होडीच्या काठावरून उतरली, येऊन टोपलीतल्या भातात चार बोटं खुपसून बघायला लागली. भात दाटलेलं होतं, बोटं आत जाईनात. ती नवऱ्याकडे वळून काहीतरी बोलली. मला तिची बोली येत नाही, पण त्या बोलण्यात प्रश्न नव्हता. मुनशी मागून हसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही हसतोय. तोंड बंद ठेवून, पण हसतोय. मुनशी खूश झाला म्हणून नाही. हात चालला म्हणून.

मामा, मी ताकासाठी केलं नव्हतं. मला तेव्हा तहान नव्हती, शेठच्या गुमास्त्याकडून काही नको होतं, त्या म्हातारीशी वैर नव्हतं. मला येत होतं म्हणून केलं, आणि करताना फार छान वाटलं. सातव्या पायलीपासून पंचेचाळिसाव्यापर्यंत. म्हातारी बोलली तेव्हा भीती वाटली, तुम्ही मोजायला बसलात तेव्हा लाज वाटली, पण ते सगळं नंतर. तुम्ही पानावर बसून विचारलंत तेव्हा तुम्ही मला सोपा रस्ता काढून दिला होता, मी मान डोलावली आणि त्यावरून चालत गेलो. तुम्ही पायली परत केलीत ती एका तहानलेल्या पोरासाठी. तसं पोर घरात नव्हतंच. तुम्हाला हे कळलं असतं तर पायली तरीही परत केली असतीत, ते मला ठाऊक आहे. पण तो पहिला घास तुमच्या घशाखाली उतरला नसता.

तर उद्या मी नाही म्हणणार आहे. मुनशी ‘का?’ असं विचारील, आणि त्याला सांगण्यासारखं काही नाही माझ्याकडे. मोजता येत नाही म्हणावं तर त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. सातारकर मला वेड्यात काढील. मुकादम फळीवर ओरडील. मी चांगला झालोय म्हणून नाही म्हणतो असं कुणी समजू नये, तुम्ही तर मुळीच समजू नका. त्या होड्यांवरच्या माणसांची दया मला येते, पण दयेनं माझा गुडघा थांबत नाही, हे मी घाटावर बघितलं. पोतं उचलताना मात्र तो कुणाचं काही घेऊ शकत नाही. म्हणून पोतंच बरं.

हा कागद कुठे धाडायचा नाहीच. घडी करून पेटीत कपड्यांखाली ठेवतो. वाटलं होतं की ठरवून टाकलं, लिहून टाकलं, की पाय जागेवर येतील आणि आज निदान नीट जेवेन. पण नाही तसं. होड्या येऊन घाटाला लागल्यात, उद्या सकाळी मोजायच्या आहेत, दुसरा कुणीतरी मोजेल, आणि मामा, मला हळहळ वाटतेय.